रविवारची गोळी रोज: औषधांच्या ॲपमधल्या एका नोंदीचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. मी तिथे औषधांचं दुकान चालवतो आणि या घराची बरीचशी औषधं वर्षानुवर्षं माझ्याकडूनच जातात. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ॲपचं नाव दिलेलं नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही ॲपमध्ये घडू शकलं असतं. फोनवर औषधांची आठवण लावणं ही चांगली सोय आहे, हे माझं मत हे सगळं जवळून पाहूनही बदललेलं नाही. मात्र ॲपमध्ये नोंद कोण करतं, कशावरून करतं आणि ती कोण तपासतं याकडे घरोघरी कुणाचं लक्ष नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

बाई ७१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना अजून 'बाई' म्हणूनच हाक मारतं. यजमान, अण्णा, एसटीतून निवृत्त. मुलगा-सून पुण्याला नोकरीला. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी येऊन जातात.

बाईंना थायरॉइड, रक्तदाब आणि मधुमेह जुनेच. उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, नाश्त्यानंतर रक्तदाबाची टेल्मिसार्टन, दोन्ही वेळच्या जेवणानंतर मधुमेहाची मेटफॉर्मिन, दुपारी कॅल्शियम, झोपताना कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यात भर पडली. बोटांचे सांधे सुजायला लागले, सकाळी तासभर मूठ वळेना, बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या. साताऱ्याच्या संधिवाततज्ज्ञांनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या प्रकाराचं निदान केलं आणि मेथोट्रेक्सेट सुरू केली. आठवड्यातून एकदा, रविवारी, ७.५ मिलिग्रॅमची एक गोळी; आणि रविवार सोडून रोज फोलिक ॲसिड.

या औषधाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या चमूने ते कर्करोगासाठी तयार केलं. पुढे फार कमी मात्रेत ते संधिवातावर उत्तम लागू पडतं हे दिसलं आणि १९८८ मध्ये तिथे त्यासाठी अधिकृत मान्यताही मिळाली. आज या आजारात बहुतेक ठिकाणी पहिलं औषध तेच असतं. पेशींना वाढायला फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व; फोलिक ॲसिड हे त्याचंच रूप) लागतं आणि मेथोट्रेक्सेट त्या फोलेटचा वापर अडवते. म्हणून ज्या पेशी झपाट्याने नव्या होत असतात त्यांना पहिला फटका बसतो: तोंडाची आतली त्वचा, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात). आठवड्यातून एकदा घेतली की मधल्या दिवसांत शरीर सावरतं. तीच मात्रा रोज घेतली तर सावरायला वेळच मिळत नाही, आणि त्यात माणसं दगावल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडं थोडी मंदावली असतील तर धोका आणखी वाढतो, कारण हे औषध बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे.

पहिला महिना व्यवस्थित गेला. पहिल्या वेळी साताऱ्याच्या मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून चारच गोळ्या दिल्या होत्या, चार रविवारच्या चार. बाईंनी त्या बरोबर रविवारीच, नाश्ता झाल्यावर घेतल्या.

अडचण

मेथोट्रेक्सेटची काही अडचण नव्हतीच. घोळ होता तो जुन्या औषधांचा. थायरॉइडची गोळी चहाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. बाई पहाटे उठून आधी चहा टाकायच्या आणि गोळी आठवायची ती पोहे झाल्यावर. कधी ती दुपारी कॅल्शियमसोबत जायची. या दोन औषधांत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही. रात्रीची मेटफॉर्मिन आठवड्यातून दोनदा तरी राहायची. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा, वाढून ९.८ आला तेव्हा फॅमिली डॉक्टर मात्रा वाढवायला निघाले होते. बाईंनीच खरं सांगितलं, "डॉक्टर, मात्रा वाढवू नका, मीच वेळेवर घेत नाही."

यात बाईंचं काही वेगळं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत जवळजवळ निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. माझ्या काउंटरवरून रोज जे दिसतं ते याहून वेगळं नाही.

मुलाने सुचवलं, "आई, फोनमध्ये ॲप टाकतो, ते वेळेवर आठवण करेल." बाई फोन सराईतपणे वापरतात, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप त्याच चालवतात. त्या लगेच तयार झाल्या.

काय घडलं

श्रावणातल्या एका शनिवारी अण्णा आणि बाई साताऱ्याला जाऊन आले. सूज पुरेशी उतरलेली नव्हती म्हणून डॉक्टरांनी मात्रा १५ मिलिग्रॅम केली, म्हणजे ७.५ च्या दोन गोळ्या, रविवारीच. या वेळी मेडिकलमधून दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप मिळाली. रविवारी सकाळी बाईंनी त्यातल्या दोन घेतल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

त्याच दुपारी मुलगा आला आणि जेवणं झाल्यावर फाईल पुढ्यात घेऊन ॲप भरायला बसला. ती चिठ्ठी मी नंतर पाहिली. मेथोट्रेक्सेटच्या ओळीत '२-०-०' लिहून पुढे 'वीकली, संडे' होतं. खालच्या ओळीत फोलिक ॲसिड, '१-०-०, एक्सेप्ट संडे'. जागा कमी पडल्यामुळे वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीवर उतरलं होतं आणि 'संडे' हा शब्द एकाखाली एक दोनदा आला होता. मुलाने दोन्ही 'संडे' फोलिक ॲसिडचे धरले. ॲपमध्ये औषधाचं नाव टाकलं की मात्रा आणि वेळ विचारली जायची; 'किती वेळा' तिथे 'रोज' आधीच निवडलेलं असायचं. सात औषधं भरताना तो 'पुढे' दाबत गेला. शेवटी जे झालं ते चिठ्ठीच्या नेमकं उलट होतं: मेथोट्रेक्सेट रोज, फोलिक ॲसिड फक्त रविवारी. विष वाढलं आणि त्याला थोडाफार आवर घालणारं औषधही गेलं.

चिठ्ठीवरच्या १-०-१ या पद्धतीबद्दल माझं जुनं म्हणणं आहे. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने त्यात आहेत, वाराला रकानाच नाही. रोजच्या औषधांसाठी ती सुटसुटीत आहे, अडाण्यालाही कळते. पण आठवड्याचं औषध त्या साच्यात टाकलं की 'आठवड्यातून एकदा' ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओळीच्या टोकाला, उरलेल्या जागेत कोंबली जाते.

सोमवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. श्रावणी सोमवार, बाईंचा उपवास. पडद्यावर टेल्मिसार्टनच्या खाली मेथोट्रेक्सेटचं नाव आणि समोर '२ गोळ्या'. बाई थबकल्या. त्यांनीच मला नंतर सांगितलं ते त्यांच्या शब्दांत देतो: "मी ह्यांना म्हटलं, अहो, ही तर काल घेतली की. हे म्हणाले, मात्रा वाढवलीय ना डॉक्टरांनी, आता रोज असेल. बाळाने फाईल बघूनच लावलंय. मला पण वाटलं, मीच ऐकताना चुकले असेन. फोन करावा असं मनात आलं, पण तो ऑफिसच्या गाडीत असेल, आणि डॉक्टरांना एवढ्यासाठी कुठे त्रास द्यायचा." साबुदाण्याची खिचडी खाऊन त्यांनी गोळ्या घेतल्या आणि टिक केली.

या सगळ्या प्रकरणात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. बाईंना बरोबर माहीत होतं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं, चार आठवडे त्यांनी ते चोख पाळलंही होतं. मात्रा खरोखर दोनच दिवसांपूर्वी बदलली होती, म्हणून अण्णांचा खुलासा पटण्यासारखा होता. आणि फोनवर स्वच्छ अक्षरात छापून आलेलं वाचल्यावर आपल्या आठवणीवरचा विश्वास उडणं ७१ व्या वर्षी अगदी साहजिक आहे. नोंद मुलाने केलेली असल्यामुळे तिच्यावर शंका घेणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं, असंही त्यांना मनात कुठेतरी वाटलं असावं.

मंगळवारी शंका कमी झाली. बुधवारी उरलीच नाही. गुरुवारी रात्री ताकही जिभेला झोंबायला लागलं.

शुक्रवारी सकाळी गजर झाला तेव्हा स्ट्रिप रिकामी होती. अण्णा ती घेऊन माझ्याकडे आले.

"ही द्या एक. जरा लवकर, तिकडे वाजतंय."

स्ट्रिप हातात घेतली आणि विचारलं, "अण्णा, ही कधी आणलीत?"

"गेल्या शनिवारी, साताऱ्यातनं."

"मग संपली कशी? ही आठवड्याची गोळी आहे."

"नाही हो, आता रोज केलीय. ॲपमध्ये तसंच आहे."

"बाईंना तोंड आलंय का?"

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "कालपासून तिखट लागतंय म्हणते."

हिशेब सरळ होता. रविवार ते गुरुवार, रोज १५ मिलिग्रॅम, पाच दिवसांत ७५. गोळी न देता मी तिथूनच संधिवाततज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दोनच वाक्यं सांगितली: गोळी ताबडतोब बंद करा, आणि बाईंना आत्ता निघायला सांगा. सोबत रिकामी स्ट्रिप, फाईल आणि फोन न्यायला मी सांगितलं, म्हणजे तिथे कुणाला अंदाज करत बसावं लागणार नाही.

दवाखान्यात

बाईंना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. सलाईन सुरू केलं आणि ल्युकोव्होरिन दिलं. हे फोलिनिक ॲसिड, म्हणजे फोलेटचं तयार रूप. मेथोट्रेक्सेटने अडवलेली पायरी ते ओलांडून जातं. साध्या फोलिक ॲसिडला तो अडथळा पार करता येत नाही, त्यामुळे घरी फोलिक ॲसिडच्या चार गोळ्या जास्त घेऊन हे निभावत नाही.

पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी ५,२०० होत्या. मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहेत, म्हणजे वाचलो." डॉक्टरांनी त्याला थांबवलं. मज्जेवरचा परिणाम रक्तात दिसायला आठवडाभर लागू शकतो, तेव्हा पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विसंबायचं नसतं. झालंही तसंच. मंगळवारी पेशी २,६०० वर आल्या, प्लेटलेट १ लाख ५ हजारांवर, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. तोंडात फोड इतके की बाई चार दिवस पेज आणि थंड दूध यांवर होत्या. ताप आला नाही, हे नशीब. पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्ग झाला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. त्यानंतर आकडे चढायला लागले आणि दुसऱ्या आठवड्यात बाई घरी आल्या.

मुलाची अवस्था मी पाहिली आहे. तो ज्या हौसेने आईसाठी बसला होता ती हौस खरी होती. त्याला दोष देऊन या प्रकरणातून कुणाला काही मिळणार नाही.

पर्याय

घरी आल्यावर पुढचं ठरवायला मंडळी बसली. बाईंनी मलाही बोलावलं.

मुलाचं पहिलं म्हणणं ॲप काढून टाकायचं. बाईंचा त्याला विरोध. त्यांचं म्हणणं असं की त्या पाच दिवसांत थायरॉइडची गोळी पहिल्यांदा रोज चहाआधी गेली होती. ॲप काढलं तर ती पुन्हा पोह्यांनंतर जाणार. हा मुद्दा मला फार रास्त वाटला. ज्या कामासाठी ॲप आणलं ते काम त्याने केलं होतं.

दुसरा पर्याय होता सात खणांच्या डबीचा, आठवड्याची औषधं एकदाच भरून ठेवायची. रोजच्या गोळ्यांसाठी डबी चांगलीच, घेतली की नाही हे डोळ्यांना दिसतं. पण स्ट्रिपमधून सुट्या केल्या की गोळ्यांवरची नावं आणि तारखा जातात, पावसाळ्यात दमट हवेचा प्रश्न, आणि मेथोट्रेक्सेट आणि फोलिक ॲसिड दोन्ही छोट्या पिवळसर गोळ्या. डबी भरणाऱ्याचा हात एकदा चुकला की आठवडाभर तीच चूक. मेथोट्रेक्सेट तरी डबीत नको, यावर मी ठाम होतो.

संधिवाततज्ज्ञांनी तिसरा मार्ग सुचवला: पुढे मेथोट्रेक्सेट पुन्हा द्यायची झाली तर आठवड्याचं इंजेक्शन, फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात. रोज घेतली जाण्याची शक्यताच संपते. हा सर्वांत निर्धोक पर्याय, आणि ज्या घरात लक्ष ठेवायला कुणी नाही तिथे मी तोच घ्यायला सांगेन. बाईंना मात्र दर आठवड्याला सुई नको होती, आणि रविवारी दवाखाना बंद. डॉक्टरांनी आग्रह धरला नाही, पण अट घातली की गोळ्या घरात एका वेळी मोजक्याच असतील.

चौथा पर्याय, ॲप राहू द्यायचं पण नोंदी सगळ्या नव्याने करायच्या. इथे प्रश्न आला की करणार कोण. मुलगा म्हणाला मी करतो, यावेळी नीट. बाई म्हणाल्या, "नको. मी करते, तू तपास." या एका वाक्याने घरातली रचना बदलली, आणि माझ्या मते तोच खरा उपाय ठरला.

केलेल्या गोष्टी

आधी एक यादी तयार झाली, कागदावर, मराठीत, बाईंच्या वळणदार अक्षरात. औषधाचं नाव, कशासाठी, किती, केव्हा, आणि कोणत्या वारी. शेवटच्या रकान्यात बाकी सगळ्यांसमोर 'रोज', फोलिक ॲसिडसमोर 'सोम ते शनि', आणि मेथोट्रेक्सेट यादीतच नाही. तिच्यासाठी स्वतंत्र कागद. यादी फॅमिली डॉक्टरांना दाखवून त्यांची सही घेतली. ॲपमध्ये या सही झालेल्या कागदावरूनच भरायचं, फाईलवरून किंवा फोटोवरून नाही.

मग बाईंनी स्वतः नोंदी केल्या आणि मुलाने व्हिडिओ कॉलवर उलट तपासणी घेतली. तो ॲपमधलं विचारायचा, बाई कागदावरचं वाचायच्या. इंग्रजी ब्रँडच्या नावांऐवजी त्यांनी देवनागरीत लिहिलं: 'थायरॉइड, उठल्याबरोबर, चहाआधी', 'साखरेची, रात्री जेवणाच्या शेवटी'. ब्रँड बदलला तरी हे नाव बदलत नाही. एकच औषध दोन ब्रँडने घरात येऊन दोन्ही घेतलं जाण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. अशा नावांनी तोही धोका कमी होतो.

वेळांचं गणित दोनदा बदलावं लागलं. मेटफॉर्मिनचा गजर रात्री साडेआठचा होता, पण संकष्टीला चंद्रोदयाशिवाय जेवण नाही, आणि चंद्रोदय कधी सव्वानऊला तर कधी दहाच्या आसपास. गजर झाला की बाई तो बंद व्हावा म्हणून टिक करायच्या आणि गोळी नंतर घेऊ म्हणायच्या. टिक झालेली आणि गोळी राहिलेली, असं पहिल्या महिन्यात दोनदा झालं. आता नियम असा: गोळी घशाखाली उतरल्यावरच टिक, तोपर्यंत 'थोड्या वेळाने'. आणि दर शनिवारी अण्णा स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. ॲप सांगतं किती वेळा बोट लागलं. गोळी पोटात गेली का, हे स्ट्रिपच सांगते.

फोनची स्वतःचीही एक खोड निघाली. एका शनिवार-रविवारी गजर वाजलेच नाहीत. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲपला झोपवून ठेवलं होतं. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि अँड्रॉइड १४ मध्ये अगदी ठरल्या मिनिटाला गजर देण्याची परवानगीही अनेक नव्या ॲपना आपोआप मिळत नाही. मुलाने पुढच्या भेटीत या तिन्ही गोष्टी सुरू करून दिल्या. नवा फोन घेतला किंवा मोठा अपडेट आला की त्या पुन्हा पाहायच्या, हे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलंय.

आता मेथोट्रेक्सेट. बंद असताना सांधे पुन्हा सुजले, काही दिवस कमी मात्रेत स्टिरॉइड द्यावं लागलं. रक्ताचे आकडे पूर्ण जाग्यावर आल्यावर, साधारण दीड महिन्याने, डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली: १० मिलिग्रॅमची एकच गोळी, रविवारी. दोन गोळ्यांचा हिशेब नको म्हणून मुद्दाम एकाच गोळीची मात्रा ठेवली. माझ्याकडून महिन्याच्या गोळ्या कापून जातात, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, वर औषधाचं नाव आणि त्या रविवारची तारीख लाल शाईत. कापताना स्ट्रिपवरच्या मुदतीच्या तारखेचा तुकडा पहिल्या पाकिटात टाकतो. गोळी घेतली की बाई रिकामं पाकीट भिंतीवरच्या कालनिर्णयाला त्या रविवारच्या चौकोनावर टाचतात. महिनाअखेर ती सगळी पाकिटं माझ्याकडे परत आली की पुढची मिळतात. ॲपमध्ये या गोळीचा गजर नाही.

परिणाम

तीन महिन्यांनी टीएसएच ३.४ आला, त्याच जुन्या मात्रेवर. म्हणजे मात्रा वाढवण्याची गरज नव्हती, वेळ साधण्याची होती. रक्तदाब आणि साखर दोन्ही पहिल्यापेक्षा स्थिर. रात्रीची मेटफॉर्मिन अजून कधीमधी राहते, विशेषतः लग्नकार्याच्या दिवसांत. पांढऱ्या पेशी, यकृत आणि क्रिएटिनिन यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू आहेत आणि ठीक आहेत. बांगड्या परत हातात आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय सोमवारचा एक फोन होता. बाईंना शंका आली होती, पण ती न्यायची कुठे हे ठरलेलं नव्हतं. मुलगा कामात, डॉक्टर मोठे, आणि मी त्यांच्या मनातच आलो नाही, कारण ही स्ट्रिप माझ्याकडची नव्हती. बाईंच्या नव्या यादीवर आता सर्वांत वर तीन नंबर आहेत आणि खाली त्यांनीच लिहिलंय: 'वेगळं वाटलं तर आधी फोन, मग गोळी.' आठवड्याच्या औषधाच्या बाबतीत तर हे निःशंकपणे करावं. मेथोट्रेक्सेट एक दिवस उशिरा घेतल्याने कुणाचं सहसा काही बिघडत नाही, एक दिवस जास्त घेतल्याने बिघडू शकतं.

दुसरी गोष्ट, अख्खी स्ट्रिप. पहिल्या वेळेसारख्याच महिन्यापुरत्या गोळ्या कापून मिळाल्या असत्या तरी चूक घडली असती, पण गोळ्या चार दिवसांतच संपल्या असत्या आणि अण्णा एक दिवस आधी माझ्या काउंटरवर असते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये याच चुकीसाठी खास सूचना काढल्या: वेष्टनावर ठळक इशारा, गोळ्या बाटलीत न देता ब्लिस्टरमध्ये म्हणजे स्ट्रिपमध्ये, रुग्णाजवळ वाराची नोंद असलेलं कार्ड. ब्रिटनमध्ये गोंधळ नको म्हणून सहसा २.५ मिलिग्रॅमचीच गोळी देतात. आपल्याकडे २.५ पासून १५ पर्यंत सगळ्या मात्रा बाजारात आहेत, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा आणि वार दोन्ही मोठ्याने वाचून सांगणं हे मेडिकलवाल्याचंच काम उरतं.

तिसरी गोष्ट ॲप बनवणाऱ्यांची. अमेरिकेतल्या औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने रुग्णालयांना काही वर्षांपूर्वीच सांगितलं आहे की संगणकात तोंडी मेथोट्रेक्सेट लिहिताना 'आठवड्यातून एकदा' हाच पर्याय आधी निवडलेला असावा, आणि 'रोज' निवडलं तर कारण विचारावं. घरगुती ॲपमध्ये हे करायला काय हरकत आहे? औषधाचं नाव तर त्याला कळतंच. बाईंनी ॲपच्या अभिप्रायाच्या जागी हे शुद्ध मराठीत लिहून पाठवलं आहे.

चौथी, चिठ्ठी. संधिवाततज्ज्ञांनी आता आठवड्याच्या औषधाला चौकट करून त्यात 'फक्त रविवारी' असं मराठीत लिहायला सुरुवात केली आहे.

आणि ज्या घरात असा प्रकार घडेल त्यांच्यासाठी: जास्तीची गोळी गेल्याचं लक्षात आलं की तोंड येण्याची वाट पाहू नका, बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, स्ट्रिप सोबत न्या आणि कोणत्या तारखेला किती गोळ्या गेल्या ते लिहून न्या. ल्युकोव्होरिन जितकं लवकर तितकं उपयोगी.

एक प्रश्न घरात अजून सुटलेला नाही. तासाभरात टिक झाली नाही तर ॲप मुलाला संदेश पाठवतं आणि तो मीटिंगमधून आईला फोन करतो. बाईंना ही पाळत वाटते. त्याला ती काढायची भीती वाटते, आणि त्याचं कारण त्या दोघांनाही माहीत आहे. सध्या तडजोड अशी आहे की फक्त सकाळच्या गोळ्यांचा संदेश जातो, रात्रीचा नाही. अण्णांना आता त्यांची रक्तदाबाची गोळीही बाईंच्याच फोनमध्ये टाकायची आहे. दोन माणसांची औषधं एका यादीत नकोत असं मी सांगितलं आहे. ते ऐकतात का बघू.